पाहुण्याला सोडायला फाटकापर्यंत

आमच्या धंद्याला आमच्या भागात अजून धड नाव नाही. पाटीवर 'फिजिओथेरपिस्ट' असं लिहिलेलं असलं तरी तो शब्द उच्चारायच्या फंदात कुणी पडत नाही. लातूरला पहिली नोकरी केली तिथं मला 'शेकवाली' म्हणायचे. नांदेडला आले तेव्हा 'कसरतवाल्या मॅडम' झाले. मुदखेडच्या एका रेल्वेतल्या माणसानं घरी जायच्या दिवशी हात जोडून सांगितलं होतं, "म्याडम, डॉक्टरनं हाड जोडलं, पर तुमी लई छळलं. देव तुमचं भलं करो." एवढ्या वर्षांत मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत मला हे सगळ्यात खरं वाटतं.

काम तसं सांगायला सोपं आहे. मांडीचं हाड म्हणजे शरीरातलं सगळ्यात लांब आणि दणकट हाड. सहजासहजी मोडत नाही, पण मोडलं की माणूस जागचा हलत नाही. सर्जन ते सरळ करतात, हाडाच्या पोकळीतून सळई घालतात, वर-खाली स्क्रू मारतात. एक्स-रेत ती सळई लख्ख दिसते आणि नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. "लोखंड बसवलं, आता काय मोडतंय?" असं म्हणून ते डबे भरायला लागतात. खरं काम तिथून पुढं असतं. पडून राहिलं की मांडीचं मांस भराभर उतरतं, गुडघा आखडतो, आणि माणसाचा त्या पायावरचा विश्वास जातो. मांस परत भरतं, गुडघाही वळतो. विश्वास लवकर येत नाही. तो आणायला रोज थोडं दुखवावं लागतं. पेशंट कण्हतो, त्याची बायको माझ्याकडे पोलिसाकडं बघावं तशी बघते, आणि मी म्हणते, "अजून दहा वेळा."

ही 'अजून दहा वेळा' म्हणणारी बाई या उन्हाळ्यात स्वतःच पलंगावर गेली. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. नांदेडचं ऊन, दुपारची वेळ, कूलरमध्ये पाणी टाकायला बादली उचलली आणि ओल्या फरशीवरून बादलीसकट गेले. तुरीची वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. हे वर्णन मी पेशंटांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते एकमेकांचं ऐकून सांगतात असं मला वाटायचं. तो आवाज खरंच तसाच असतो. मी पडल्या जागेवरून ह्यांना हाक मारली आणि म्हटलं, "उजव्या मांडीचं हाड गेलंय. मला ओढू नका, पाय हलवू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा." ह्यांची नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, घाईची सवय नाही. त्यात मी इतकं व्यवस्थित बोलत होते की ह्यांना वाटलं, फारसं काही झालेलं नाही. आधी त्यांनी कूलर बंद केला.

ऑपरेशन झालं, सळई बसली, दुसऱ्या दिवशी मला उभं केलं. माझ्या डोळ्यांपुढं अंधार आला आणि उजवा पाय जणू माझा नव्हताच. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली. मरणाची नव्हे, आता आपल्याला कधी चालता येणार नाही याची. ही भीती मी शेकडो लोकांच्या चेहऱ्यावर बघितली होती आणि तिला 'नखरे' म्हणत आले होते.

घरी आल्यावर पुढं काय झालं ते सांगते, पण त्याआधी दोन माणसांबद्दल सांगायला हवं. ती दोघं माझ्या पलंगाशेजारी सारखी येऊन बसत होती. एक मनातल्या मनात, आणि दुसरी शेवटी प्रत्यक्षच आली.

पहिले माधवराव टेलर. लातूरला माझी नोकरी नवी होती, अंगात हुशारी फार होती. माधवराव उदगीरकडचे, पायानं चालवायच्या मशीनवर आयुष्य काढलेले. भाषेत एखादा कानडी शब्द सहज यायचा. मांडीचं हाड मोडून आले, त्या काळच्या रीतीप्रमाणं पट्टी आणि स्क्रू लावून ते बसवलं. घरी जाताना मी त्यांना बजावलं, "सहा आठवडे या पायावर अजिबात भार द्यायचा नाही." वॉर्डात गर्दी होती, पुढचा पेशंट ओरडत होता. गुडघा मात्र रोज वाकवायचा, टाच पलंगावरून मागं-पुढं सरकवायची, मांडी आवळून दहा अंक मोजायचे, हे सांगायचं राहिलं. कागदावर लिहून द्यायचंही राहिलं.

तीन महिन्यांनी माधवराव आले. पाय काठीसारखा ताठ. गुडघा वाकवायला गेले तर जेमतेम बोटभर हलला. माझा चेहरा उतरलेला बघून तेच मला धीर द्यायला लागले. म्हणाले, "म्याडम, तुमी सांगितलं तसंच केलं बगा. जरा बी हलू दिला न्हाई. पोराला म्हणलं, उशा लाव दोन्हीकडून, झोपेत सुदिक हलायला नको."

इतका आज्ञाधारक पेशंट मला पुन्हा भेटला नाही. मी त्यांच्यामागं वर्षभर लागले. गुडघा थोडा सुटला, खुर्चीवर बसण्याइतका वळला, पण मशीनच्या पायटीवर पाय मारण्याइतका नाही. ते पुढं हातानं काज-बटणाचं काम करायचे. रागावले असते, तक्रार केली असती, तर मला बरं वाटलं असतं. ते उलट दर दिवाळीला दवाखान्यात येऊन जायचे. माझ्या हातून झालेली ही चूक आहे आणि ती मी कुठल्याच सर्जनच्या माथी मारू शकत नाही. काय करू नका हे सांगितलं, काय करा आणि कधीपर्यंत करा हे सांगितलं नाही. त्यानंतर माझ्याकडून घरी गेलेल्या प्रत्येक पेशंटला कागद मिळाला. वाचता येत नसेल तर चित्रं काढून दिली. माझी चित्रकला अशी की एकानं विचारलं होतं, "म्याडम, ह्यो बेडूक कामून काढला?"

दुसरी प्रयागबाई. कंधारच्या पुढच्या एका खेड्यातली, त्या वेळी साठी ओलांडलेली. मुलाच्या मोटारसायकलवर मागं बसली होती, पदर चाकात गेला, मांडीचं हाड मोडलं. नांदेडला ऑपरेशन झालं. वॉर्डात होती तोवर तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, आणि तोही सून बाहेर गेल्यावर, माझा हात धरून. "म्याडम, परसाकडं तरी माजी मला जाता येईल का? बाकी काय बी न्हाई झालं तरी चालतंय. सुनंला हे करायला लावायचं म्हणजे मेल्यावानी होतंय." मी म्हटलं, येईल, पण सांगितलं ते केलं तर. ती म्हणाली, "हाव." सर्जननीही रोज थोडा थोडा भार द्यायला परवानगी दिली होती. मी कागद दिला, वॉकर कसा धरायचा ते शिकवलं. आधी वॉकर पुढं, मग दुखरा पाय, मग चांगला पाय. तिनं वॉकरचं नाव घोडा ठेवलं. "घोडा, दुकरा, चांगला" असं पुटपुटत ती वॉर्डभर फिरून घरी गेली.

महिन्यानं दाखवायला यायचं होतं. मुलगा दत्ता एकटाच आला, बगलेत पिशवी.

"पेशंट कुठंय?"

"एक्स-रे काढून आणलाय की कंधारहून," असं म्हणून त्यानं पिशवी पुढं केली.

आमच्याकडे हे नवीन नाही. फाइल येते, फोटो येतो, गोळ्यांची रिकामी पाकिटं येतात, माणूस घरी असतो. एक्स-रे चांगला होता, हाड जुळत होतं. मी विचारलं, "आई चालते का?" तो म्हणाला, "न्हाई न्हाई, एकदम आराम. जागचं हलू देत न्हाई आमी. लई सेवा चालू हाय." तो हे अभिमानानं सांगत होता, आणि मला समोर माधवरावांचा ताठ पाय दिसत होता. पुढच्या रविवारी मी एस.टी. पकडून कंधारला आणि तिथून जीपनं तिच्या गावी गेले. कुणी बोलावलं नव्हतं.

दारात दहा-बारा जोड चपला. आत प्रयागबाई खाटेवर आडवी, भर गर्मीत गळ्यापर्यंत चादर. भोवती बायांचा गराडा. कोपऱ्यात केळ्यांचे डझन आणि बिस्किटांचे पुडे असे रचलेले की किराणा दुकान काढावं. एकेक बाई प्रयागबाईकडं दयेनं बघून गोष्ट सांगत होती. "आमच्या मावळणीचा बी असाच पाय मोडला होता. उठलीच न्हाई पुन्ना." दुसरी म्हणे, "आमच्या गावच्या पाटलिणीला तर तीन वर्सं खाटंवर काढावी लागली." प्रत्येक गोष्टीला प्रयागबाई "हाव बाई" म्हणून मान हलवत होती.

पाहुण्या निघाल्या. निघताना प्रत्येकीनं तिच्या कपाळावरून हात फिरवला. शेवटची उंबऱ्याबाहेर गेली तशी प्रयागबाई चादर फेकून, दोन हातांवर जोर देऊन टुणकन उठून बसली आणि सुनेला म्हणाली, "मीरे, पाणी दे गं. निजून निजून कंबर मोडली माजी."

मी बघतच राहिले. "तुम्हाला बसता येतंय?"

"येतंय की."

"मग चालत का नाही?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की प्रश्न विचारणाऱ्याचीच कीव यावी. "म्याडम, लोकं दुरून दुरून बगायला येऊन राहिले. कामधंदा सोडून, केळं-बिस्किटं घेऊन. अन म्हातारी अंगणात हिंडताना दिसली तर काय म्हणतील? ढोंग करून राहिली म्हणतील."

मीरा कोपऱ्यातून हळूच म्हणाली, "अन माज्या नावानं बोंब होईल ते येगळंच. सासूला खाटंवरून उठवून राबवती म्हणतील."

म्हणजे पायात काही खोट नव्हती. हाड जुळलं होतं, सून चांगली होती, लेक जीव लावणारा होता. पाहुण्यांच्या भिडेपोटी ही बाई जन्माची खाटेला खिळणार होती. मी गुडघा वाकवून बघितला, आखडायला लागला होता. मी विचारलं, "आणि परसाकडं?" तिनं मान खाली घातली. मीरा उठून आत गेली. त्या एका मिनिटात मला त्या घराचं सगळं कळलं.

इथं एक गोष्ट लिहायची की नाही यावर मी विचार केला, मग लिहायचं ठरवलं. त्या दिवशी माझं आडनाव विचारून झालं, आणि चहा आला तो घरच्यांना स्टीलच्या पेल्यात आणि मला कागदी कपात. आमच्या घरानं छप्पन साली दीक्षा घेतली, आडनावावरून लोकांना जे कळायचं ते कळतं. मला वाईट वाटलं. सवय असली तरी वाटतंच. पण आमच्या वडिलांचं सांगणं होतं की कपाचा राग कामावर काढायचा नाही. मी चहा प्यायले आणि उठले.

मी दारात पोचले तेव्हा प्रयागबाई खाटेवरूनच कळवळून म्हणाली, "म्याडम, एवढ्या लांबून आलात, तुमाला वाटंला लावायला बी येईना झालंय बगा मला." पाहुण्याला वाटेला लावायचं म्हणजे निघताना थोडं अंतर सोडायला जायचं. खेड्यात कुणी पाहुण्याला घरातूनच 'या' म्हणत नाही. तसं करणं म्हणजे त्याचा अपमान. तिच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं.

मी परत फिरले. म्हटलं, "प्रयागबाई, आजपासून माझं एवढंच औषध. पाहुणे आले की खुशाल पडून राहा. पण निघाले की घोडा घ्यायचा आणि सोडायला जायचं. पहिला आठवडा उंबऱ्यापर्यंत. दुसरा आठवडा ओसरीच्या पायरीपर्यंत. मग अंगणाचं फाटक, मग लिंबाचं झाड. तिथून पुढं मी सांगेन. दिवसात चार पाहुणे आले तर चार वेळा. आणि कुणी काही बोललं तर मीराचं नाव नाही, माझं नाव घ्यायचं. नांदेडच्या बाईनं सांगितलंय म्हणायचं."

तिनं जरा विचार केला. "घोड्यावर बसून वाटंला लावायचं म्हणता?" आणि पहिल्यांदा हसली.

त्यानंतर त्या पंचक्रोशीत माझी अब्रू गेली. नांदेडची कोण बाई मोडक्या पायाच्या म्हातारीला हाकलून राहिली, अशी बातमी कंधारच्या बाजारापर्यंत गेली. प्रयागबाईची थोरली जाऊ तर मला गाठून चार शब्द ऐकवून गेली. पण एक गंमत झाली. म्हातारी आपल्याला सोडायला दुखऱ्या पायानं येतेय म्हटल्यावर पाहुणे मागं वळून वळून बघत, "बस बाई, नको पुढं येऊ" म्हणत, आणि तेवढ्यानं ती हट्टाला पेटून आणखी चार पावलं टाकत असे. माझ्या कुठल्याच व्यायामात एवढी ताकद नव्हती. मी मधूनमधून रविवारी जात राहिले, गुडघा वळवत राहिले. लिंबाच्या झाडापर्यंत पोचेस्तोवर ती घोडा सोडून काठीवर आली होती. एके दिवशी मीरानं मला आत नेऊन हळूच सांगितलं, "आता त्यांच्या त्याच जातेत. मला हाक बी मारत न्हाईत." आम्ही दोघी चुलीशेजारी उभ्या राहून उगाचच हसलो.

दिवाळीच्या तोंडावर मी शेवटची गेले. चहा आला, पेल्यात. निघाले तर प्रयागबाईनं काठी उचलली. फाटक गेलं, लिंबाचं झाड गेलं. "बस आता," मी म्हटलं. ती थांबली नाही. पारावर बसलेली माणसं बघत होती, दळण घेऊन निघालेल्या बाया थांबल्या होत्या, आणि त्या सगळ्यांसमोरून, ज्या घरात मला कागदी कप मिळाला होता त्या घरातली ती म्हातारी मला फाट्यापर्यंत सोडायला आली. जीप येईपर्यंत उभी राहिली. मला माझ्या नोकरीत सत्कार बरेच झाले, शालीही मिळाल्या. त्या फाट्यावरच्या दहा मिनिटांची बरोबरी कशालाच नाही.

आता माझ्या पलंगाकडं येते.

घरी आल्यावर मी सगळं जाणत होते. कुठला व्यायाम, किती वेळा, कुठल्या आठवड्यात, माझ्याच हातचा कागद माझ्या उशाशी होता. दवाखान्यातून एक मुलगी यायची, माझ्याच विद्यार्थिनीची विद्यार्थिनी. मी तिला तिच्या चुका सांगत बसायचे आणि व्यायाम टाळायचे. वॉकर घेऊन संडासापर्यंत जायचे, तेही घरात कुणी बघत नसताना. एरवी त्या वॉकरवर ह्यांचे टॉवेल वाळत असत. आणि भेटायला येणारे रोज येत होते. नांदेडात निम्मी माणसं माझ्याकडून कण्हून गेलेली. हदगावहून आले, लातूरहून माहेरची आली. मी आडवी, गळ्यापर्यंत चादर. शेजारी केळी.

प्रयागबाई लोकांच्या बोलण्याला भीत होती. माझं त्याहून हलकं कारण होतं. जिनं सगळ्यांना चालायला शिकवलं ती स्वतः लंगडते हे मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. चालताना माझी कंबर एका बाजूला पडत होती, मी ते आरशात बघितलं होतं. आणि आत ती भीती होतीच, की पाय उचलला तर पुन्हा तो तुराटीचा आवाज येईल. सहा आठवडे होत आले. माझा गुडघा काटकोनाच्या पुष्कळ अलीकडं अडायला लागला. एका दुपारी तो वळेना तेव्हा मला माधवराव दिसले, दोन्हीकडून उशा लावून निजलेले, आणि मी रडले. ह्यांनी विचारलं, दुखतंय का. मी हो म्हटलं, कारण खरं सांगायला लाज वाटली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी सकाळी ह्यांनी आत येऊन सांगितलं, कंधारहून कुणी म्हातारी आलीय, सोबत सून आहे. प्रयागबाईनं आत पाऊल टाकलं. सत्तरी कधीच मागं पडली होती, हातात काठी होती, पण ती टेकत नव्हती, नुसती धरलेली. मीरानं शेंगांच्या चटणीचा डबा ठेवला. केळी नाहीत हे बघून मला बरं वाटलं.

प्रयागबाई खुर्चीवर बसली आणि कुणाच्या मावळणीची गोष्ट न सांगता माझ्याकडं बघत राहिली. मग वॉकरवरच्या टॉवेलांकडं बघितलं.

"घोडा बांधून ठिवला व्हय म्याडम?"

मी म्हटलं, "अजून दुखतंय हो."

"दुखनारच की. तुमीच म्हणायच्या, दुखल्याबिगर न्हाई होत म्हणून."

चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, दत्ताची पोरं, सोयाबीन, गावातला नवा रस्ता. तासाभरानं ती उठली. "निघतो म्याडम." मी पलंगावरून हात जोडले. "या."

ती दारापर्यंत गेली आणि तिथंच उभी राहिली. "निघालो म्हणलं."

"हो, या ना."

ती हलेना. मीरा जमिनीकडं बघत हसू दाबत होती. प्रयागबाई म्हणाली, "मी कवापासून उबी हाय. वाटंला लावायला कोन येनार?"

ह्यांनी मुकाट्यानं वॉकरवरचे टॉवेल उचलले.

मी उठले. एका म्हातारीसमोर, तिच्या सुनेसमोर आणि नवऱ्यासमोर मी माझं एका बाजूला पडणारं अंग घेऊन खोलीतून निघाले. प्रयागबाई माझ्या अंगाला हात लावत नव्हती. शेजारून चालत ती नुसती म्हणत होती, "घोडा. दुकरा. चांगला. घोडा. दुकरा. चांगला." उंबरा आला, मला वाटलं झालं. ती पुढं गेली. अंगण आलं. फाटक आलं. मी फाटकाला धरून थांबले, धाप लागली होती. रस्त्यावर ऑटो दिसेना.

"ऑटो कुठंय?" ह्यांनी विचारलं.

"त्या कोपऱ्यावर उबा केलाय, इहारापाशी," प्रयागबाई म्हणाली.

आमच्या गल्लीच्या टोकाला बुद्धविहार आहे. पडल्यापासून मी तिथं गेले नव्हते. वैशाख पौर्णिमा पलंगावरच गेली होती. हे म्हणाले, "थांबा, मी इकडं बोलावतो त्याला."

"काय गरज न्हाई," म्हातारी म्हणाली. "म्याच त्याला सांगितलंय, म्याडम येईस्तोवर तिथंच थांब म्हणून."

मी तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा अगदी साधा होता. मी फाटक सोडलं. गल्लीतल्या बाया दारांत आल्या. ज्यांना मी आयुष्यभर सांगत आले की लंगडण्यात लाज नसते, पडून राहण्यात असते, त्या सगळ्यांनी मला लंगडताना बघितलं आणि कुणाला काहीच वाटलं नाही. एकजण म्हणाली, "मॅडम, वॉकर जरा पुढं ठेवा." पावलं मोजायची मी विसरले. मध्ये एकदा थांबले, विजेच्या खांबाला टेकले, पुन्हा निघाले. विहाराच्या कट्ट्याला हात लागला तेव्हा पदर घामानं ओला झाला होता.

प्रयागबाई ऑटोत बसली. मीरानं तिला काठी दिली. ती बाहेर वाकून म्हणाली, "पुढच्या टायमाला बस ष्टँडवर यायचं."

ऑटो वळला आणि गेला. कट्ट्यापाशी मी एकटी उरले, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की सोडायला गेलेल्या माणसाला परतही यावं लागतं. प्रयागबाईला मी एवढं सगळं शिकवलं, पण हे कधी बोलले नव्हते. पाहुणे गेल्यावर ती रोज एकटी, काठी टेकत, त्या लिंबाच्या झाडापासून परत घरी येत असणार. तेव्हा तिच्याशेजारी मोजणारं कुणी नसणार.

लांब फाटकाशी हे खुर्ची घेऊन उभे होते आणि मला खूण करत होते, आणू का म्हणून. मी मानेनंच नाही म्हटलं. मग वॉकर पुढं टाकला, आणि गल्लीच्या टोकावरूनच ओरडून सांगितलं, "ती खुर्ची आत ठेवा, आणि चहा टाका. मी येतेय."